हेडलाइटवर आलेला आळ

मी एक जुना हेडलाइट आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर मी चिडलेलो आहे. आयुष्यभर इमानेइतबारे रस्ता दाखवला आणि शेवटी आळ आला तो माझ्याच काचेवर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते हेच!

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या पाठीशी आरशासारखी चकचकीत वाटी आहे. तिचा बाक केसभरही चुकू नये म्हणून तिथल्या माणसांनी जिवाचं रान केलं होतं. पिवळसर उजेडाच्या एका ठरावीक बल्बसाठीच ती घडवली होती. त्या बल्बची तार पेटली की उजेड वाटीवर पडायचा, तिथून खाली वळायचा आणि रस्त्यावर पसरायचा. डिपर लावला की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तो कधी जात नसे. माझी परीक्षा झाली, मी पास झालो आणि काचेच्या कोपऱ्यात मंजुरीची बारीकशी खूण उमटली. केवढा अभिमान होता मला तिचा!

मी आणि माझा जुळा भाऊ एका सुताराच्या गाडीला लागलो. बारा वर्षं आम्ही त्याला लाकडाच्या वखारीतून सुखरूप घरी आणलं. सुट्टीच्या दिवशी तो आम्हाला ओल्या फडक्याने पुसायचा आणि म्हणायचा, "गाडीचे डोळे स्वच्छ हवेत." त्याचे वडील, आबा, हेही जन्मभर सुतारकाम केलेले. पायाची जखम भरत नव्हती म्हणून ते दारातल्या खुर्चीत बसून असत. एक नर्सबाई दिवसाआड सायकलवरून येऊन त्यांची मलमपट्टी करी.

एके दिवशी सुताराचा मेव्हणा पांढऱ्याशुभ्र बल्बची जोडी घेऊन आला.

"भाऊजी, हे काय कंदील लावून फिरताय? हे लावून बघा, दिवस उजाडेल दिवस!"

"पण बसतील का यात?"

"बसतील म्हणजे? हे बघा, टक्कन बसले!"

बसले खरे, पण माझ्याशी जुळले नाहीत. उजेड भलत्याच जागेवरून निघू लागला. वाटीला तो आवरेना. थोडा झाडांवर, थोडा भिंतींवर आणि बराचसा समोरच्यांच्या तोंडावर. समोरच्या गाड्या दिवे उघडमीट करून विनवण्या करत, तर आमचा सुतार म्हणे, "जळतात लेकाचे!" मी काचेच्या आत नुसता धुमसत होतो. मला तोंड असतं तर तिथेच सुनावलं असतं.

मग ती संध्याकाळ आली. कालव्याच्या काठाने धुकं उतरलं होतं. त्या धुक्यावर माझा पांढरा उजेड आपटून परत येत होता, आणि सुताराला पुढे पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. मला मात्र दिसलं. समोरून एक सायकल येत होती. सायकलवालीने डोळ्यांवर आडवा हात धरला, सायकल डगमगली आणि कडेच्या चरात गेली. गाडीचा धक्काही लागला नव्हता. सुतार शीळ घालत तसाच पुढे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आली नाही. चौथ्या दिवशी तिच्या जागी दुसरी आली. आबांची चिघळलेली जखम धुताना ती म्हणाली, "बाईंचं मनगट मोडलंय. कालव्यावर कुणीतरी पांढऱ्याफेक दिव्यांची गाडी आणली. डोळे दिपले आणि पडल्या बिचाऱ्या. गाडीवाला थांबलासुद्धा नाही."

सुतार तिथेच माझी काच पुसत होता. त्याचा हात थबकला. मग फडकं पिळून तो पुन्हा पुसू लागला. मूग गिळून गप्प! मित्रांनो, त्या दिवशी माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पुढच्या आठवड्यात गाडीची सरकारी तपासणी होती. आबांना दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून तेही मागे बसले होते. तपासनीसबाईंनी माझ्यासमोर यंत्र धरलं, आकडा पाहिला आणि मान हलवली.

"नापास. उजेड वर फेकतोय."

"काच जुनी झालीय हो," सुतार म्हणाला. "नवीन बसवतो."

ऐकलंत? माझी काच! नाचता येईना अंगण वाकडं!

"काचेला नावं ठेवू नका," बाई म्हणाल्या. "ती अजून चांगली आहे. तिला मंजुरी मिळाली ती ठरावीक बल्बसाठी. तुम्ही भलताच बल्ब घातलात. नियमात बसत नाही ते."

"मग दुकानात उघड विकतात कसे?"

"विकू देत. रस्त्यावर लावायला बंदी आहे. समोरच्याला आंधळं करायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

"पण बाई, फिट बसलेत ते!"

तेव्हा मागून आबा बोलले. "खाचेत गेलं म्हणून सांधा जुळतो का रे? सुतार ना तू?" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "नर्सबाई पडली त्या दिवशी तू कालव्यावरूनच आलास ना?"

मग सुतार म्हणाला, "हो, आबा."

"दवाखाना उद्या. गाडी तिच्या घराकडे घे."

नर्सबाई अंगणात होती. हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत अडकवलेला. सुतार माझ्यापुढे उभा राहिला, मान खाली घालून.

"ताई, ती गाडी माझी होती. हे दिवे माझेच."

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. "थांबला का नाहीस?"

"दिसलाच नाहीत तुम्ही. शपथेवर सांगतो."

"एवढा उजेड पाडून मीच दिसले नाही?" ती म्हणाली. "अकरा घरी पेशंट माझी वाट बघताहेत. त्यांना काय सांगू? उजेड जास्त झाला म्हणून येत नाही?"

सुताराने तिथेच, तिच्या अंगणात, बॉनेट उघडून ते पांढरे बल्ब उपसून काढले. मग जुने बल्ब परत लावले, आणि तिचा हात बरा होईपर्यंत, आमच्या जुन्या पिवळ्या उजेडात, तो रोज सकाळ-संध्याकाळ तिला पेशंटच्या दारोदार नेत राहिला. पट्टी बांधताना दुसरं टोक तोच धरायचा.

सुताराला तिने माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. माझा राग मात्र अजून गेलेला नाही, कारण तसले दिवे मला रोज समोरून येताना दिसतात. मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीत कुणी असा बल्ब बसवायला निघालं, तर मोठ्यांना नि:संकोच अडवा. रस्ता काही एकट्या तुमचा नाही. समोरून येणाऱ्यालाही घरी पोहोचायचं असतं.