भोपळ्याला टेकलेला गाल

"अहो, ताट वाढलंय," तिने तिसऱ्यांदा हाक मारली. स्वयंपाकघर आणि दुकान यांच्यामध्ये एक पडदा तेवढा होता, पण पलीकडून हूं नाही की चूं नाही.

दोन वर्षं हे असंच चाललं होतं. चाळीस वर्षं तंबोरे दुरुस्त करणारा तिचा नवरा एके काळी बडबड्या होता. आता समोर बसलं तर दोन शब्द बोलायचा, मागून हाक मारली की दगड. म्हातारपणी माणूस तुटतोच, असं ती मनाला समजवायची, तरी ते लागायचंच.

चिडून तिने सकाळच्या टपालातलं पाकीट फोडलं. गेल्या वर्षी एक गोरा पाहुणा गाणं ऐकत गावोगाव हिंडत होता. आठ दिवस तो दुकानाच्या कोपऱ्यात वही घेऊन बसला होता. त्याने कविता पाठवली होती, सोबत दुभाष्याने केलेलं भाषांतर.

'थोर गवई ऐकले, पण लक्षात राहिला तो म्हातारा.
तार छेडून तंबोऱ्याच्या भोपळ्याला गाल टेकतो, डोळे मिटतो.
मागून बायको हाक मारते, रस्त्यावर भोंगा वाजतो,
त्याची समाधी ढळत नाही.
तारेखालचा दोरा केसभर सरकवतो,
आणि पुन्हा गाल टेकतो.
असा भक्त मी पाहिला नाही.'

"भक्त म्हणे," ती हसली, आणि हसू तोंडातच राहिलं. गाल? हा माणूस पूर्वी गप्पा मारता मारता तंबोरा लावायचा. पातेलं पडलं तर कोणत्या सुरात पडलं ते सांगायचा.

कागद घेऊन ती पडदा सारून दुकानात गेली. तो पाठमोरा, गाल भोपळ्याला. खांद्यावर हात पडताच दचकला. तिने पुढे धरलेला कागद वाचून त्याने मान खाली घातली.

"कुणाला सांगू नकोस. बहिऱ्याकडे तंबोरा कोण आणेल? हाडातून येतं अजून ऐकू. काम चोख होतं."

तिने तोंड फिरवलं. "मला तरी सांगायचंत. मला वाटलं, मी नकोशी झाले."

"काय म्हणालीस?"

तिचे डोळे भरून आले. ती तंबोऱ्याच्या पलीकडे बसली आणि भोपळ्याला ओठ लावून म्हणाली, "जेवायला चला. गार होतंय."

त्याने डोळे मिटले होते. "आलं ऐकू," तो म्हणाला, पण गाल काही उचलला नाही. "अजून बोल."

तिने नीट मांडी घातली आणि दोन वर्षांपूर्वीपासून सुरुवात केली.