दोरीतला मामा

त्या वर्षी उधन्याला आमच्या चौकात पोलिसांनी नवंच खूळ काढलं होतं. पांढरे पट्टे सोडून कुणी भलतीकडून रस्ता ओलांडला, की त्याला धरायचं आणि दोरी बांधून केलेल्या रिंगणात अर्धा तास उभं करायचं. नेमका त्याच दिवशी माझ्या लेकीच्या, वर्षाच्या लग्नाचा गोरज मुहूर्त. आणि त्यात सापडला कोण, तर माझा थोरला भाऊ धुडकू, नवरीचा सख्खा मामा. समोर मांडव दिसला आणि हा फेटा सावरत सरळ आडवा घुसला.

अर्धा तास झाला तशी पोलिसाने दोरी वर केली. बाकीचे पळाले. आमचं ध्यान तिथेच उभं.

मी पट्ट्यांवरून धावत गेले. म्हटलं, "दादा, चल लवकर, मुहूर्ताला दहा मिनिटं राहिलीत."

"मी नही येस. इतला येळ उभा व्हतू, कोनी इचारं का?"

म्हणजे याला मानाने घ्यायला कुणी आलं नाही, म्हणून हा रुसला. आता सांगा, मी मुलीची आई. वऱ्हाडाला चहा पाजू, का याच्या मिनतवाऱ्या करू? तेच त्याला फाडकन सुनावलं, तर आणखीच फुगला. पोलीस बिचारा हात जोडून गुजरातीत म्हणाला, "काका, हवे जाओ ने." काका कसला जातोय. मामा मागे नसताना पोरीला पाटावर उभी करायची कशी?

तेवढ्यात गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. बघते तर वर्षा. मुंडावळ्या बांधलेली, शालू घोट्याच्या वर धरून, पट्टे सोडून रस्त्याच्या मधोमध चालत येत होती. आली, दोरी उचलून आपणच रिंगणात शिरली आणि मामाच्या शेजारी उभी राहिली. पोलिसाने कपाळाला हात लावला.

"हिले सोड," दादा त्याच्यावर डाफरला. "हिना अर्धा तास मी उभा राहस."

"मग माझ्या मागे कोण उभं राहील, मामा?" वर्षा म्हणाली.

दादाने फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसले आणि भाचीचा हात धरला.

"पण अडधो कलाक?" पोलिसाने अर्ध्या तासाची आठवण केली.

"मी आहे ना," म्हणत मी दोरीखालून आत गेले. तसंही आमच्यात मुलीच्या आईने अक्षता बघायच्या नसतात. ती दोघं मांडवात पोचली आणि भोंग्यावर मंगलाष्टकं सुरू झाली. मध्येच एखादा ट्रक जायचा आणि माझी एक ओळ बुडायची. ट्रकवाल्यांना शिव्या देत देत मी दोरीला धरून हमसून हमसून रडले.

दहा मिनिटंही झाली नसतील. पोलीस हळूच म्हणाला, "बेन, टाइम थई गयो. जाओ."

म्हटलं, "थांब रे बाबा. शेवटचं सावधान होऊ दे."