तीन पाण्यांची भाजी

दोन नवरे मातीत घातलेल्या बाईनं माझ्या ऐंशीच्या बापाशी लग्न लावलं, तेव्हाच मी मनाशी म्हटलं, ओलेटा, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. आणि वसंत लागताच बाबांना उलट्या सुरू झाल्या. त्याही मी रविवारी चर्चमधून त्यांच्याकडे जेवायला गेले, की त्याच संध्याकाळी.

रविवारी ही नवी बायको, व्हर्लीन, पोकची भाजी करायची. ही माझ्या आजीची भाजी. कोळशाची खाण बंद पडली त्या वर्षी आजीनं या रानपाल्यावर पाच पोरं जगवली. पण पोक म्हणजे विषच. तीनदा उकळायची, तिन्ही वेळचं पाणी टाकायचं, मग डुकराच्या चरबीत अंडं घालून परतायची. एक पाणी चुकलं की माणूस आडवा.

एका रविवारी मी शेगडीपाशीच ठाण मांडलं.

"काय गं, पहारा देतेस?" व्हर्लीन म्हणाली.

"छे हो व्हर्लीनबाई, शिकतेय. तुमच्या हाताला चव आहे ना!"

तिनं तीनदा उकळली. तिन्ही वेळचं पाणी मागच्या ओसरीवर निवायला ठेवलं. अंगणात ओतलं तर कोंबड्या चोच घालतात, म्हणून गार झाल्यावर लांब नेऊन टाकायचं. खोट काढायला जागाच नव्हती. तिघांनी एकाच पातेल्यातलं खाल्लं. संध्याकाळी बाबा बादलीवर वाकलेले, आम्ही दोघी ठणठणीत. म्हणजे यांच्या ताटात वेगळं काही पडतंय! माझं डोकंच फिरलं.

"माझ्या बापाला काय चारता? आधीच्या दोघांनाही असंच पोचवलंत का?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं पिशवी भरली आणि बहिणीकडे निघून गेली. बाबा ग्लानीत होते, नाहीतर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.

जरा बरं वाटल्यावर त्यांनी पोकच मागितली. म्हटलं, आता माझ्या हातची खा, बघू काय होतंय. पहिलं पाणी ओसरीवर ठेवून मी खुराड्यातून अंडी आणायला गेले. परत येते तर बाबा पायरीवर बसलेले, हातात वाडगा, आणि त्या पाण्यात मक्याचा पाव कुस्करून मिटक्या मारतायत.

"बाबा! अहो, काय हे!"

"ओरडतेस काय? आई भाजी आम्हाला वाढायची आणि स्वतः पाणी प्यायची. म्हणायची, मला हेच आवडतं."

"ती तिसरं प्यायची, बाबा! हे पहिलंय!"

"पहिलं काय, तिसरं काय! मला टाकवत नाही गं, पोरी."

मला रडू फुटलं. तशीच गाडी काढली आणि इस्पितळ गाठलं. वाटेत लाज गिळून व्हर्लीनला फोन केला.

ती आली. बाकावर माझ्यापासून एक जागा सोडून बसली. बाबा वाचतील म्हणून डॉक्टर सांगून गेला, तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं.

"चुकलं माझं. नाही नाही ते बोलले मी."

"मीही मनात बोलतच होते," ती म्हणाली. "तू यायचीस त्याच दिवशी ते आजारी पडायचे. तू आणलेल्या लोणच्याच्या बरण्या मी गुपचूप कचऱ्यात टाकत होते."

"माझ्यावर संशय?" मी ताडकन उठले. "मुलगी आहे मी त्यांची!"

"आणि मी बायको," व्हर्लीन म्हणाली.