मंगळवार हेडबाईंचा

माझे डोळे गेले तेव्हा लोकांना वाटलं, माझं डोकंही गेलं. जो तो माझ्याशी हळूहळू आणि मोठ्या आवाजात बोलायला लागला. यात सगळ्यांच्या वरताण होता तो संस्थेचा कोऑर्डिनेटर. "आज्जी, कसं वाटतंय आपल्याला?" असं तो माझ्या कानाशी येऊन ओरडायचा. "मोतीबिंदू डोळ्यांत झालाय, कानांत नाही," असं मी पहिल्याच दिवशी त्याला सुनावलं, तर तो हसला. त्याला माझं सगळंच गोड वाटायचं. अशा माणसावर रागावणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं.

ही संस्था दिसत नसलेल्या माणसांच्या घरी वाचक पाठवते, तेही फुकट. वाचायला येतात ते स्वयंसेवक, आणि आम्ही ऐकणारे लाभार्थी. लाभार्थी म्हटलं की मला वाडगा हातात घेऊन रांगेत उभं राहिल्यासारखं वाटायचं. पण माझी साखर काही केल्या उतरत नव्हती आणि डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलत होते. मुलगा आणि सून सकाळी कामावर गेले की दिवसभर घरात मी आणि फ्रिजची घरघर. शेवटी सुनेनंच माझं नाव संस्थेत घातलं. मी एक वाचक मागितला होता, त्यांनी दोन दिले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, ती म्हण माझ्यासाठीच केलेली असावी.

मंगळवार होता हेडबाईंचा. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. त्या आल्या की मी आपोआप ताठ बसायचे. शुक्रवारी यायची ती मेडिकलवाली. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान तिचं. दुपारी शटर खाली ओढून यायची आणि अंगाला कफ सिरपचा वास यायचा. ती मला मावशी म्हणायची. दोघींना मिळून संस्थेनं एकच पुस्तक दिलं होतं, कोणीतरी दान केलेली विटेएवढी जाड कादंबरी. एका श्रीमंत म्हाताऱ्याचा खून होतो आणि घरभर नातेवाईक. मंगळवारी हेडबाईंनी जिथं खूण ठेवली, तिथून शुक्रवारी मेडिकलवालीनं पुढं वाचायचं, अशी रीत.

मी सबंध नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. कानाला यंत्र लावून लोकांचं ऐकण्यात माझं आयुष्य गेलं. माणूस वाचून दाखवतोय की मनचं सांगतोय, हे मला पहिल्या दोन वाक्यांत कळतं. कादंबरी रटाळच होती. तिसऱ्याच शुक्रवारी मेडिकलवाली कंटाळली आणि पुस्तकातून सरळ बाहेर पडली. तिचा आवाज एकदम खुलला. आचारी मागच्या प्रकरणात विष खाऊन मेला होता, तो तिनं उठवून बसवला. वर विषावर उतारा कोणता दिला, किती मिली दिला, तेही सांगितलं.

मी तोंडातून ब्र काढला नाही. इतकी मजा मला वर्षभरात आली नव्हती.

मंगळवारी हेडबाईंनी घसा साफ केला आणि आचाऱ्याची अंत्ययात्रा वाचायला घेतली.

"बाई," मी अगदी साळसूदपणे म्हटलं, "तो तर शुक्रवारी उठून बसला."

"कोण?"

"आचारी. जेवलासुद्धा."

पानं उलटल्याचा आवाज आला, पुढे, मागे, पुन्हा पुढे. मला वाटलं, आता मेडिकलवालीची काही खैर नाही. पण हेडबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, "छपाईत चूक दिसते. पानं वरखाली झालीत." त्यांनी सहकाऱ्याला पाठीशी घातलं होतं. मला त्यांच्याबद्दल तेव्हाच पहिल्यांदा माया वाटली.

पुढे पुढे तर कमाल झाली. काही आठवडे गेले आणि हेडबाईसुद्धा पुस्तक सोडून चालायला लागल्या. मी कान टवकारले. अडखळत, प्रत्येक शब्द तपासून घेत, पण बाई मनचंच सांगत होत्या. त्यांचा गुप्तहेर संशयितांना उंचीप्रमाणे भिंतीशी उभं करायचा. खुनी सोडून सगळ्यांना त्यानं एकदा पाठांतर म्हणायला लावलं. जिवंत झालेला आचारी पहाटे उठून व्यायाम करायचा. आणि शुक्रवारी मेडिकलवाली यायची, मी तिला सगळं इमानेइतबारे सांगायचे, आणि ती त्या व्यायामवीर आचाऱ्याला एखाद्या विधवा आत्याच्या प्रेमात पाडून जायची. एकीची थाप दुसरी पुढे नेतेय, आणि दोघींना वाटतंय म्हातारीला काय कळतंय. मला वाटायचं, हा सगळा माझ्या कळलावेपणाचा प्रताप. करारी बाईला मी बिघडवलं, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

मग साखर उतरली आणि ऑपरेशन झालं. पट्टी काढली आणि मला पहिल्यांदा दिसली ती सुनेची हनुवटी. तिच्यावरचा तीळ मी विसरूनच गेले होते. मी तिथेच रडले. डॉक्टर ओरडले, रडायचं नाही म्हणून. मग सूनही रडायला लागली, तिला ओरडण्याचा त्यांना अधिकार नव्हता.

घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं, की आता वाचक बंद. ज्याला दिसत नाही त्यालाच वाचक, हा संस्थेचा नियम. म्हणजे पुन्हा मी आणि फ्रिज. डोळे आले आणि माणसं गेली, असा हा व्यवहार.

"सांगायचं नाही," मी सुनेला म्हटलं. "ऑपरेशन लांबलंय म्हणायचं."

"आई, हे खोटं आहे."

"डॉक्टरांनी काळा चष्मा दिलाय ना? तो मी लावणार. त्याच्याआड मला काय दिसतं हा माझा खाजगी प्रश्न आहे."

सुनेनं कपाळाला हात लावला, पण ती फितूर झाली नाही. सून चांगली आहे माझी, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही.

शुक्रवारी मेडिकलवाली आली. पुस्तक मांडीवर मिटलेलं, त्यावर मोबाईल, आणि बाई दोन्ही हात उडवत आत्याचा नि आचाऱ्याचा संवाद रंगवतायत. मला हसू आवरेना, म्हणून मी खोकले. तिनं लगेच पर्समधून गोळी काढून दिली.

मंगळवारी हेडबाई आल्या. आवाजावरून मी उंच, धिप्पाड बाई धरून चालले होते. आली ती चिमणीएवढी, पांढऱ्या केसांची, नेटकी. छत्री दारामागे उभी केली, खुर्चीची पाठ हातानं चाचपली, बसली. पुस्तक उघडून बरोबर अंतरावर धरलं. आणि वाचायला लागली ती समोरच्या भिंतीकडे बघून. अधूनमधून पान उलटायचं मात्र चुकत नव्हतं. काय शिस्त, मी मनात म्हटलं, थाप मारतानासुद्धा नियमाप्रमाणे. मग माझी नजर खाली गेली. एका पायात काळी चप्पल होती आणि दुसऱ्या पायात तपकिरी.

विसरभोळ्या असतील, म्हणून मी सोडून दिलं. पण मग चहाची वेळ झाली. सून थर्मास भरून ठेवते आणि हेडबाई दोघींचा चहा ओततात, हे नेहमीचंच होतं. त्यांनी कप चाचपून जवळ घेतला, डाव्या हाताचं बोट कपाच्या काठावरून आत सोडलं आणि चहा ओतायला लागल्या. चहा बोटाला लागला तेव्हा थांबल्या. चेहरा जराही हलला नाही.

ही युक्ती मला कोणी सांगायला नको होती. दोन वर्षं मी तेच करत होते. माझ्या बोटाचं टोक अजून लाल आहे. कानांचा एवढा तोरा मिरवत होते मी, आणि समोर बसून एक बाई आंधळी होत गेली ते मला ऐकू आलं नव्हतं.

बोलले तर माझं बिंग फुटणार होतं. गप्प बसले तर ही बाई अशीच गाड्यांच्या रस्त्यातून घरी जाणार होती. त्यांनी दुसरा कप पुढे घेतला.

"बाई, राहू द्या. भाजेल बोट."

थर्मास हवेतच थांबला. "तुम्हाला कसं कळलं?"

"दिसलं."

"कधीपासून?" आम्ही दोघींनी एकदमच विचारलं.

मी माझं सांगितलं. त्यांनी थर्मास खाली ठेवला, हात मांडीवर घेतले आणि परीक्षेचा निकाल सांगावा तसं सांगितलं. "माझ्या पडद्याचं आहे. त्याला ऑपरेशन नाही. मधलं सगळं गेलं, कडेकडेचं थोडं दिसतं. तुमचा आचारी उठला, त्या सुमाराला अक्षरं जायला लागली."

"आणि मला वाटत होतं, मी तुम्हाला बिघडवलं."

"तुम्ही माझी सोय केलीत. पुस्तकात काय आहे, याची तुम्हाला पर्वाच नव्हती."

"घरी कोण आहे?"

"भाचा आहे. त्याला कळलं तर उद्या मला उचलून वृद्धाश्रमात ठेवील, प्रेमानंच. आणि संस्थेला कळलं तर मी या बाजूची त्या बाजूला होईन. मंगळवारी कुणाकडे तरी जायचं आहे, म्हणून मी सोमवारी कपडे काढून ठेवते. ते गेलं तर मी उठायचं कशाला? तो मुलगा माझ्या घरी येऊन 'आज्जी, कसं वाटतंय' म्हणाला ना, तर मी त्याला छत्रीनं मारीन."

मी हसले आणि माझे डोळे भरले. डॉक्टरांनी रडू नका सांगितलं होतं, म्हणून मी मोठमोठ्यानं नाक ओढलं आणि त्यांच्या मांडीवरचं पुस्तक काढून घेतलं.

"आता मी वाचते," मी म्हटलं. "तुम्ही ऐका. येण्या-जाण्याला सून ओळखीची रिक्षा लावून देईल. आणि भाच्याशी बोलायचं तेव्हा मी सोबत येईन, पण बोलायचं तुम्हीच."

"मी लाभार्थी नाही," हेडबाई म्हणाल्या.

"नाही हो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

असे काही मंगळवार सुखात गेले. मी खरं पुस्तक वाचायला घेतलं, ते दोघींनाही सोसेना, मग आम्ही मिळून खुनी बदलला. आणि एका मंगळवारी, मी चष्मा केसांवर चढवून, पुस्तक नाकाशी धरून, हातवारे करत वाचत असताना दार लोटून कोऑर्डिनेटर आत आला. अचानक भेट. संस्थेत नवीनच सुरू झालं होतं म्हणे.

"आज्जी! तुम्हाला दिसतं?"

हेडबाई पांढऱ्याफटक पडल्या. माझं काय, मला फार तर खोटारडी म्हटलं असतं. पण आता तो त्यांच्याकडे नीट बघणार होता, आणि दोन मिनिटांत सगळं त्याच्या लक्षात येणार होतं. खोटं बोल पण रेटून बोल, असं म्हणतात. मी रेटलं.

"दिसतं की. ऑपरेशन झालं. मी तुमच्याकडे वाचक म्हणून यायचं ठरवलंय," मी म्हटलं. "तुम्हाला वाचक कमी पडतात ना? म्हणून बाई मला तयार करतायत. मोठ्यानं वाचणं सोपं नसतं हो. आणखी चारजणी असल्या तर त्यांनाही इथंच पाठवा, बाई शिकवतील."

तोंडातून निघालं आणि मला कळलं, की हे खोटं राहिलेलं नाही. कोऑर्डिनेटरचा चेहरा फुलला. प्रशिक्षण, मार्गदर्शक, असले शब्द त्याच्या तोंडून यायला लागले. संस्थेला कधीपासून असं काहीतरी हवंच होतं. मग तो वळला.

"मग मॅडम, कशी आहे तुमची विद्यार्थिनी?"

हेडबाई ताठ झाल्या. रंग परत आला. शाळेतला तो आवाज सगळ्या खोलीत भरला.

"फार घाई करते ही," त्या म्हणाल्या आणि बोट रोखलं. "वाक्य संपलं तरी थांबत नाही."

बोट कपाटावर रोखलं होतं. कोऑर्डिनेटर मान खाली घालून मोबाईलवर काही टिपून घेत होता, तेवढ्यात मी खुर्ची उचलली, आवाज न करता कपाटासमोर नेऊन ठेवली, तिच्यात बसले आणि म्हटलं, "हो बाई."