परमेश्वरचं कपाळ

पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत वैमानिक परमेश्वरचा पुतळा बसायचा होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याचं विमान सरहद्दीपलीकडं पडलं आणि घरी काहीच परत आलं नाही. घरातल्या फोटोंना पुढं वाळवी लागली. हवाई दलाचा एक फोटो मिळाला, पण त्यात डोक्यावर हेल्मेट, नाकातोंडावर मास्क आणि डोळ्यांवर काळी काच. पोरगा लहानपणीच साताऱ्याला सैनिकी शाळेत गेलेला, त्यामुळे मोठेपणीचा परमेश्वर घरच्यांशिवाय कुणी नीट पाहिलाच नव्हता. आणि घरच्यांत आता उरली होती फक्त त्याची धाकटी बहीण, तुळजाबाई.

शाळेच्या एका खोलीत शिल्पकार नागसेननं अंदाजानं मातीचं डोकं घडवून ठेवलं होतं.

"उद्या साचा घ्यायचाय, मावशी. आज सांगाल ते बदलतो. मग काही करता येणार न्हाई."

"माय, बघ की," तिचा मुलगा गोरक्षनाथ म्हणाला. "बराबर आला का मामा?"

"थांब की जरा! घोड्यावर बसून आला का काय?"

तुळजाबाई बघत राहिली. नाक सरळ, हनुवटी भरलेली, देखणा पोरगा होता. कुणाचाही असता. 'माझा भाऊ मी वळखीन की,' असं ती घरून निघताना ठणकावून बोलली होती. तिनं डोळे मिटले. परमेश्वरचा आवाज आला. त्याचं शीळ घालणं आलं. सुट्टीवर आला की "तुळजे, भाकर टाक" म्हणून चुलीपुढं बसायचा, तेही आलं. चेहऱ्याच्या जागी मात्र काहीच नव्हतं. तो कधी पुसला गेला, हे तिला कळलंसुद्धा नव्हतं.

मग तिला भाऊबीज आठवली. डोळे विसरले, पण कुंकू लावणारं बोट कसं विसरेल?

"हात लावू का रे?"

"लावा ना. ओली हाय माती."

डोळे मिटूनच तिनं बोट मातीच्या कपाळाला टेकवलं आणि तिचा चेहरा उजळला. "इथं खळगा पाहिजे. शेळीनं शिंग मारल्तं त्याला."

तिनं बोट दाबलं. नागसेन खूश झाला. "हे कुणीच सांगितलं नसतं, मावशी!"

गोरक्षनाथ मात्र गोंधळला. "माय, शेळीनं म्हस्कूमामाला मारल्तं. मी हात लावून बघायचो न्हाई का लहानपणी?"

तुळजाबाईचं बोट मातीतच राहिलं. खरं होतं. म्हस्कू, मधला भाऊ, म्हातारा होऊन गेला. त्याला तिनं जन्मभर ओवाळलं. परमेश्वर भाऊबीजेला घरी असायचा तो चारदोनदा. बोटानं ज्याचा सराव होता, त्याचंच कपाळ ध्यानात ठेवलं होतं.

"मंग बुजवू का?" नागसेननं हळूच विचारलं.

"बुजव."

त्यानं अंगठा फिरवला. कपाळ सपाट झालं.

"आता?"

दोघं तिच्या तोंडाकडं बघून राह्यले होते. नाही म्हणावं, तर मग कसा होता, हे कोण सांगणार?

"हाच हाय," ती म्हणाली.

"मी म्हणलो न्हवतो?" गोरक्षनाथनं डोळे पुसले. "बहिणीला कळणारच!"

नागसेन मातीवर ओलं फडकं टाकायला लागला, तसा तिनं त्याचा हात धरला.

"थोडं राहू दे उघडं."

ती स्टूल ओढून समोर बसली आणि ते नाक, ती हनुवटी, ते ओठ एकेक करून नीट बघू लागली. कार्यक्रमाच्या दिवशी पोरं विचारतील. तेव्हा हा तिला ओळखू यायला हवा होता.