मागच्या चाकावरचा खांदा

“‘समोरून बघितली तर जांभई देणारा मासा वाटतो,’” मी मोबाइलवरून वाचलं.

“पुढचं वाच,” हे म्हणाले.

“‘दिवे म्हणजे तीन दिवस झोप न झालेल्या माणसाचे डोळे.’ यावर चारशे जण हसलेत.”

“दिव्यांबद्दल मीसुद्धा बोललो होतो. पुढचं?”

“‘एवढ्या देखण्या गाडीची पार माती केली.’”

“मातीचीच तर केली होती,” असं म्हणून हे हसले, पण घास काही तोंडात गेला नाही. टोस्ट गार झाला होता आणि चहावर साय धरली होती. गुरुवारी कंपनीने नवी गाडी लोकांना दाखवली, तेव्हापासून तीन दिवस घरात हाच कार्यक्रम चालला होता. मी वाचायचं आणि यांनी उपाशी राहायचं.

माझा नवरा गाड्या बनवतो असं लग्नानंतर मी माहेरी सांगितलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं गॅरेज आहे. मातीच्या बनवतो म्हटल्यावर वाटलं खेळणी. खरं तर कुठलीही नवी मोटार पत्र्याची होण्याआधी तिची खऱ्याएवढी मूर्ती घडवतात. सांगाड्यावर भट्टीत गरम केलेली तपकिरी माती थापायची आणि पोलादी पट्ट्यांनी खरवडत खरवडत तिला आकार द्यायचा. कॉम्प्युटर आले, मशिनं आली, तरी शेवटचा हात माणसाचाच. यांनी ते एकतीस वर्षं केलं आणि गेल्या महिन्यात निवृत्त झाले. मातीला ओरखडा पडतो म्हणून लग्नातली अंगठी आठव्या दिवशीच कपाटात गेली. तळवा मात्र असा तयार झाला की मुलीच्या कपाळावर ठेवून ताप अर्ध्या अंशापर्यंत सांगायचे. माझ्या पाठीवरून हात फिरवला तरी मला शंका यायची, हे प्रेम आहे की तपासणी.

हे सगळं यांना शिकवलं मास्तरांनी, कंपनीच्या स्टुडिओतल्या मुख्य कारागिरांनी. त्याआधी हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मास्तर एका पाटीसमोर थांबले, अक्षरांच्या वळणावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “सोमवारी माझ्याकडे ये.” त्या एका वाक्यावर आमचं घर उभं राहिलं, मुलगी शिकली. मी देवापुढे फारशी बसत नाही, पण मास्तरांचं नाव निघालं की माझे हात आपोआप जोडले जातात.

ही नवी गाडी जिच्या जागी आली, ती जुनी गाडी मास्तरांची. म्हणजे कागदावर मोठ्या मोठ्या साहेबांची, पण तिच्या मागच्या चाकावरचा जो फुगवटा, ज्याला स्टुडिओत सगळे खांदा म्हणत, तो मास्तरांचा. त्या खांद्यासाठी लोक वेडे झाले. मासिकांनी त्याच्यावर लेख लिहिले, कुणी म्हणे तो झेप घेणाऱ्या वाघावरून सुचला, कुणी म्हणे लाटेवरून. पुढे दोनदा दिवे बदलले, बंपर बदलले, खांद्याला कुणी हात लावला नाही. आणि आता आलेल्या नव्या गाडीत तो नव्हता. जांभई, डोळे, मासा हे सगळं लोक हसत हसत लिहीत होते, पण खांद्याबद्दल लिहिताना रडकुंडीला येत होते.

“मास्तरांचा फोन आला होता,” हे टोस्टकडे बघत म्हणाले. “आज मैदानावर जुन्या गाडीवाल्यांचा मेळावा आहे. कंपनीने नवी गाडी ठेवलीय तिथे. म्हणाले, मला घेऊन चल.”

“मग चला की. त्यात तोंड पाडायला काय झालं?”

“अगं, तो खांदा मी काढला.”

“साहेबांनी सांगितलं असेल.”

“नाही ना. बाईसाहेब म्हणाल्या, ठेवायचा की काढायचा ते तुमच्या हातावर सोडते. तीन आठवडे ठेवून बघितला. नवी गाडी रुंद, काच वेगळी, सगळंच वेगळं. त्याच्यावर तो खांदा म्हणजे वडिलांचा कोट घातलेलं पोर दिसायचं. शेवटी मीच पट्टी घेतली.” ताटली बाजूला सारून म्हणाले, “ज्या माणसाने मला माणसात आणलं, त्याची एकुलती एक रेघ मी माझ्या हाताने खरवडली. आणि अकरा महिने त्यांना सांगितलं नाही. गुप्ततेचा कागद होता, हे खरं. पण कागद नसता तरी सांगितलं नसतं.”

मी शाळेत गणित शिकवते. उत्तर चुकलं तर कुठल्या पायरीवर चुकलं ते मला दाखवता येतं. इथे मला पायरीच सापडेना. मी फक्त टोस्ट पुन्हा गरम केला आणि यांच्या हातात दिला.

मास्तर दारातच तयार बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, पाठ ताठ, बूट चकचकीत. डोळे अजून घारीचे, पण हात गेले होते. साखरेच्या आजाराने बोटांतली जाण पार गेली होती. मी पाण्याचा पेला दिला तर तो दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे बघत बसले.

“बघावं लागतं पोरी, धरलाय की नाही ते,” ते म्हणाले. “हाताला आता गरम कळत नाही की गार कळत नाही. जन्मभर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका म्हणून पोरांना शिव्या घातल्या. आता डोळ्यांचीच चाकरी करतोय.”

 वाटेत मास्तर खिडकीतून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला नावं ठेवत होते.

मैदानात तीस-चाळीस जुन्या गाड्या ओळीने लावलेल्या, लाल, पिवळ्या, करड्या, आणि त्यांचे मालक हातात फडकी घेऊन, जणू लग्नाची मुलगी दाखवायला आणलीय. मध्ये दोरीच्या आत नवी गाडी. भोवती हीऽऽ गर्दी. प्रत्येकाला मत होतं आणि प्रत्येकाचं मत दुसऱ्याच्या मतापेक्षा मोठ्या आवाजात होतं.

“मागून कशी सपाट केलीय बघा. इस्त्री फिरवल्यासारखी.”

“मला आवडली बाई,” एक मुलगी म्हणाली. “हलकी वाटते.”

“तुला आवडणारच. तू जुनी चालवलीस कधी?”

लाल गाडीचा मालक सगळ्यांत पुढे होता. डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात चष्मा. “ज्याने तो खांदा घडवला ना,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “त्याला हे बघायची पाळी येऊ नये, एवढंच मागणं आहे माझं.”

हे खाली मान घालून उभे होते. मास्तरांनी त्या माणसाकडे बघितलंसुद्धा नाही. “खुर्ची आण,” ते यांना म्हणाले. “ठेंगणी.”

हे गेले आणि कुठून तरी घडीची खुर्ची घेऊन आले. राखणदाराने म्हाताऱ्या माणसाकडे बघून दोरी वर केली. मास्तर गाडीच्या मागच्या चाकापाशी बसले, मान तिरकी केली आणि पत्र्यावर उमटलेली आभाळाची कड बघायला लागले. ही या कारागिरांची जुनी पद्धत. प्रकाशाची रेघ पत्र्यावरून कशी जाते, कुठे अडखळते, कुठे थरथरते, ते बघायचं. अडखळली तर खाली आकार चुकलाय. मास्तरांनी खुर्ची दोनदा सरकवायला लावली. मग म्हणाले, “हात फिरव.”

“मी?”

“माझ्या हाताला कळतंय का काही? माझ्याकडून तू फिरव.”

यांनी डोळे मिटले आणि तळवा दारापासून मागे नेला. सावकाश, चाकावरून, दिव्यापर्यंत.  

“कुठे अडकला?”

“नाही अडकला.”

“मलाही नाही दिसलं कुठे,” मास्तर म्हणाले. “कुणी काढला खांदा?”

“मी काढला, मास्तर. कुणी सांगितलं नव्हतं. माझं चुकलं असेल तर...”

“बरं केलंस.” मास्तरांनी पुढच्या बाजूकडे मान वळवली. “तोंड कुणी केलं?”

“तरुण पोरांनी.”

“मासा आहे.”

मला हसू फुटलं. यांना नाही. हे गुडघ्यावर बसले होते, तसेच राहिले. “मास्तर, ती तुमची रेघ होती.”

“तेच सांगायला आलोय.” मास्तर आपल्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाले, “माझी नव्हती ती. आठवतं, जुन्या गाडीची डावी बाजू मी करत होतो आणि तू ती मोजून उजवीकडे उतरवत होतास? तेव्हा कुठे होती मशिनं. तुझी बाजू चाकाशी चार मिलीमीटर वर गेली होती.”

“मी?”

“तूच. शनिवारी तू गेल्यावर मोजलं. सोमवारी लवकर आलो ते खरवडायलाच. पट्टी लावली, आणि खिडकीतून ऊन आलं. बघितलं तर माझी बाजू बसली होती रे. तुझी उठायला निघाली होती. मग तुला दिवसभर गोदामात पाठवलं आणि माझी बाजू चार मिलीमीटर चढवली. तुझ्या बाजूला बोट लावलं नाही. तोच पुढे खांदा झाला.”

चार मिलीमीटर म्हणजे किती, हे मी दरवर्षी मुलांना पट्टीवर दाखवते. चार छोट्या रेघा. मला आधी प्रचंड राग आला. एकोणतीस वर्षं मासिकांत यांचं नाव कुठेही नाही आणि हा माणूस आज सांगतोय! “तेव्हाच का नाही सांगितलंत, मास्तर?” मी विचारलंच.

“तेव्हा सांगितलं असतं तर हा डोक्यावर बसला असता. चूक ती चूकच होती, मोजमाप चुकलं होतं त्याचं.” मग मास्तरांचा आवाज खाली आला. “आणि नंतर लोक माझं नाव घ्यायला लागले, पोरी. वाघ म्हणाले, लाट म्हणाले. मला ते आवडलं. आवडलं म्हणून गप्प बसलो. आता हातपाय गेले तेव्हा लाज वाटायला लागली. उशीर झाला, पण सांगितल्याशिवाय जायचं नव्हतं.”

मी यांच्याकडे बघितलं. यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होते मी, तो नव्हताच. डोळे भरून आले होते आणि हे चक्क हसत होते.

“मास्तर, त्या शनिवारी मी जुन्या मालकाला सांगून आलो होतो,” हे म्हणाले. “पाट्या रंगवायला परत येतो म्हणून. उजवी बाजू काही केल्या जुळत नव्हती. ठरवलं होतं, सोमवारी तुम्ही ती खरवडलेली दिसली की निघायचं. संध्याकाळी गोदामातून आलो तर दोन्ही बाजू जुळलेल्या. मला वाटलं, जमलं आपल्याला. त्या एका वाटण्यावर एकतीस वर्षं काढली मी.”

हे मलाही माहीत नव्हतं. त्या सोमवारी हे घरी येताना फुलं घेऊन आले होते आणि मी खर्चावरून बोलले होते, एवढंच मला आठवत होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. नाव घेतलं मास्तरांनी, खरंय. पण चढवली ती स्वतःची बाजू. त्या दिवशी त्यांनी यांची बाजू खरवडली असती तर आज आम्ही तिघं इथे नसतो. मी पुढे होऊन त्यांचे ते निर्जीव हात माझ्या हातात धरले. त्यांना कळलं नसेल, पण त्यांनी ते बघितलं.

“आता सांगतो त्या टोपीवाल्याला,” मास्तर खुर्चीतून उठू लागले. “सगळ्यांसमोर सांगतो.”

यांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. “नको. तुम्ही मला सांगितलंत. झालं.”

एवढ्यात टोपीवालाच आमच्याकडे आला. दोरीच्या आत ही कोण मंडळी, असं त्याला वाटलं असावं. “काय आजोबा, पटली का?” त्याने विचारलं.

“मागून पटली,” मास्तर म्हणाले.

“छे! या, माझी बघा. एकोणतीस वर्षं झाली घेतल्याला.” तो आम्हाला आपल्या लाल गाडीपाशी घेऊन गेला आणि खांद्यावरून फडकं फिरवत एकदम हळू बोलायला लागला. “बायको गेली त्या साली गाडी विकायला काढली होती मी. घेणारा दारात आला. म्हटलं, नाही देत. सकाळी शटर वर केलं की पहिल्यांदा हाच दिसतो, ऊन पडलेला. तो दिवस मग बरा जातो. कुणी केला कुणास ठाऊक. भेटला तर पाय धरीन.”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे. हे खिशात हात घालून, मान जरा तिरकी करून, त्या उजव्या खांद्याकडे बघत होते. पहिल्यांदाच बघत असल्यासारखे.

“चांगली ठेवलीत गाडी,” हे म्हणाले. “आभारी आहे.”

“तुम्ही कशाला आभार मानता? बरं, एक फोटो काढाल का आमचा?” टोपीवाल्याने मोबाइल यांच्या हातात दिला आणि गाडीला टेकून, चाकापाशी ऐटीत उभा राहिला.

हे दोन पावलं मागे गेले, गुडघा टेकून खाली बसले, मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि पुन्हा खाली घेतला.

“थोडं बाजूला सरका,” हे म्हणाले. “खांदा झाकला जातोय.”