सॉरीचा खिळा

मी एक जुनी लाकडी पाटी आहे, मित्रांनो. अंगानं आंब्याची फळी, रंगानं काळी, आणि वरच्या दोन भोकांतून ओवलेली सुतळी.

पिंप्राळ्यातल्या अन्वरभाई सुतारांनी मला घडवलं. "मॅडम, लेकरांच्या हातात कुसळ जायला नको," असं म्हणत त्यांनी माझे कोपरेसुद्धा घासून गोल केले. मॅडम म्हणजे जवळच्या इंग्रजी शाळेतल्या नूतन मॅडम. त्यांनी माझ्यावर पांढऱ्या रंगानं 'आय अ‍ॅम' लिहिलं, थोडी जागा सोडून 'दॅट' लिहिलं आणि मधल्या जागेत एक हूक बसवला. त्या हुकात अडकवायला पत्र्याच्या चकत्या होत्या: हॅपी, ग्लॅड, शुअर, प्राउड, अफ्रेड आणि सॉरी. मूल पुढं येई, मनासारखी चकती अडकवी आणि 'दॅट'च्या पुढं खडूनं आपल्या घरची गोष्ट लिही. कुणी हॅपी, कारण मामा आला. कुणी शुअर, की आज डब्यात भरीतच आहे. कुणी अफ्रेड, की गल्लीतलं कुत्रं चावेल. रोजचं साधं बोलणं इंग्रजीत कसं मांडायचं, ते मुलं माझ्या अंगावर शिकली.

शनिवारी ज्याचं वाक्य सगळ्यांत छान, त्याच्या गळ्यात मला घालून मॅडम त्याला फाटकाशी उभं करत. आईबाप फोटो काढत. समोरचे रिक्षावालेही टाळ्या वाजवत. त्यांत धरणगावकडून आलेला झुलालभाऊ होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण टाळ्या कळत होत्या. "मनी पोर बी एक दिन ही पाटी घालीन," असं तो सगळ्यांना सांगे. त्याची डिंपल तेव्हा चार वर्षांची होती.

मग नूतन मॅडम धुळ्याला गेल्या आणि योगराज सर मुख्याध्यापक झाले. सरांनी बाकीच्या चकत्या पेढ्याच्या रिकाम्या डब्यात टाकून कपाटावर ठेवल्या. 'सॉरी' तेवढी हातात घेतली आणि खिळा मारून हातोडीनं माझ्या छातीत ठोकली. आता नियम नवा होता. शाळेत जो मराठी नाहीतर खान्देशी बोलेल, त्याच्या गळ्यात मी. सुटायचं असेल तर त्यानं दुसऱ्याला बोलताना पकडायचं. आणि शनिवारच्या शेवटच्या घंटेला मी ज्याच्या गळ्यात, त्यानं फाटकाशी उभं राहायचं.

लेकरं लवकर शिकतात हो. मागून चिमटा काढला की समोरचा इंग्रजीत ओरडत नाही, हे त्यांना दोन दिवसांत कळलं. "तुझी आई पडली," असं सांगितलं की कुणीही 'कुठं?' असंच विचारतं, हे चार दिवसांत. ज्यांना वाचता येई ते आईबाप फाटकाशी माझ्याकडे न बघता आपापलं मूल घेऊन निघून जात.

डिंपल यंदा दुसरीत आली. झुलालभाऊ आता केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, दिल्लीला गेला की दहा दहा दिवस घरी नसे. त्यामुळं डिंपल दोन शनिवार फाटकाशी उभी राहिली, ते त्याला कळलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, "या शनिवारी मी येस तुले घेवाले." सोमवारपासून डिंपलनं तोंड मिटलं. पाणी मागायचं तर बोट दाखवायची. शुक्रवारी मी कुंदनच्या गळ्यात गेले. कुंदन म्हणजे तिच्या बाकावरची, तिच्याशी पेरू वाटून खाणारी.

शनिवारी मधल्या सुट्टीत कुंदन नळापाशी ओंजळीनं पाणी पीत होती. शाळेची व्हॅन मागं मागं येऊ लागली. ड्रायव्हर मोबाइलवर बोलत होता.

"कुंदन! बाजूले सरक! गाडी उनी!"

पाच दिवसांत डिंपल पहिल्यांदा बोलली. कुंदननं उडी मारली, आणि ती उभी होती तिथंच व्हॅनचं चाक थांबलं. कुंदननं ओले हात फ्रॉकला पुसले. मग तिचा हात हळूच माझ्या सुतळीकडे गेला.

"सर! डिंपल स्पोक मराठी!"

"मी तुले वाचाडं ना…" डिंपल म्हणाली.

"अगेन! सर, अगेन!" सगळी मुलं हसली.

"रूल इज रूल," सर म्हणाले. त्यांनी मला डिंपलच्या गळ्यात घातलं आणि तिच्याकडूनच 'दॅट'च्या पुढं खडूनं लिहून घेतलं: 'आय स्पोक'.

घंटा झाली. झुलालभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी आला, आणि मला बघून जागीच थांबला.

"ओ माय! मनी पोरले पाटी भेटनी!" त्यानं तिला पार डोक्याच्या वर उचललं. "काय लिखेल शे वं?"

डिंपलनं सरांकडे बघितलं. मग वडिलांकडे.

"पयला नंबर उना, आबा."

ती पुन्हा मराठी बोलली होती. पण या वेळी कुणी "अगेन" म्हणालं नाही. कुंदन बुटाची लेस बांधत बसली.

"सर, घर लई जाऊ का हाई? भितले टांगसू. बठ्ठा गावले दखाडसू."

सर हसले. "न्या की! आम्ही दुसरी करू."

मित्रांनो, आता मी झुलालभाऊंच्या घरात टीव्हीच्या वर आहे. खडू पुसला जाऊ नये म्हणून त्यांनी माझ्यावर पारदर्शक प्लास्टिक चिकटवलंय. दसऱ्याला मला झेंडूचा हार होता. पाहुणा आला की आधी मला दाखवतात, मग चहा विचारतात. डिंपल माझ्याकडे पाठ करून जेवते. घरातही आता ती फारशी बोलत नाही. आबा म्हणतात, पोर शहाणी झाली.

तेव्हा एवढंच मागणं. तुमच्यापैकी कुणाकडे पक्कड असेल, तर झुलालभाऊ ट्रकवर गेलेले असताना या. माझा खिळा उपटा. येताना शाळेच्या कपाटावरचा पेढ्याचा डबा आणा आणि त्यातली 'प्राउड' माझ्या छातीवर अडकवा.

त्यांना फरक कळणार नाही. तिला कळेल.